आबांच्या फियाटचं इंजिन

सांगली

चि. सोनू यास,


तुझा लांबलचक निरोप पोचला. जिप्सीचं इंजिन, त्याचाच पाच गिअरचा बॉक्स, वर एसी, आणि पैसे सगळे तू पाठवणार. मुलांना घेऊन आंबा घाटातून रत्नागिरीला उतरायचं तर आबांची फियाट वाटेत दमता कामा नये, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. तरीही मी नको म्हणतोय. फोनवर तू लगेच आकड्यांवर येतोस आणि मूळ गोष्ट राहूनच जाते, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

मूळ गोष्ट ही, की तू ज्या इंजिनाला कंटाळला आहेस ते फियाटचं नाहीच. पडवीत पोत्यांत गुंडाळून ठेवलेलं जे धूड होतं, ते त्या गाडीचं खरं इंजिन. गेली तीस-पस्तीस वर्षं गाडीत आहे ते ११८ एनईचं. तुझ्या जन्माआधीची ही हकीकत असल्यामुळे तुला कुणी सांगितली नसावी.

गाडी १९७२ ची, फियाट ११०० डी, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून निघालेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. १९७३ पासून ही गाडी प्रीमियर प्रेसिडेंट म्हणून विकली जाऊ लागली आणि १९७४ पासून पद्मिनी. आबांनी ती सेकंडहँड घेतली, कारण नव्या फियाटला नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट बघावी लागे आणि हळदीच्या अडतीच्या धंद्याला तेवढी सवड नव्हती. सांगली, मिरज, तासगाव हा रोजचा फेरा. मुंबईच्या वाऱ्या वेगळ्या.

तिचं इंजिन १०८९ सीसीचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ही मापं फियाटनं १९३७ साली इटलीत ठरवली. युद्धानंतर तूरिनच्या चिसितालियानं याच इंजिनाच्या जोरावर शर्यतीच्या छोट्या गाड्या बांधल्या. पुढे इटलीतल्या ११०० डीला १२२१ सीसीचं मोठं इंजिन मिळालं, कुर्ल्यात मात्र १०८९ च चालू राहिलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तू बसायचास तेव्हा हेच इंजिन तुला ओढत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, ती बातमी तूच मला पाठवली होतीस. ताकद म्हणशील तर जेमतेम ४० अश्वशक्ती, पण गाडीचं वजनही ९०० किलोच्या आसपास. गिअर, मागचा ॲक्सल, चारही चाकांचे ड्रम ब्रेक, सगळं त्या ४० च्या हिशेबानं केलेलं. सपाटीला ती दिवसभर एका लयीत चालते आणि चौथ्या गिअरमध्येच गावातून सुद्धा निघून जाते. ती गंमत तू अनुभवलेलीच नाहीस, कारण तुला स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा आठवणारच नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला ते इंजिन थकलं. बोअर शेवटच्या ओव्हरसाइझला पोचला होता, गाडी ऑइल पीत होती आणि मागून निळा धूर. त्याहून मोठा त्रास तापण्याचा. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे एकदा गाडी तापली की हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. मग हेड उतरवा, फेसिंग करा, परत बसवा. दर उन्हाळ्यात हेच. आबांचं पोट त्या गाडीवर होतं. मिरजेच्या मिस्त्रींना एक अपघातातली ११८ एनई मिळाली, इंजिन आणि गिअरबॉक्स धडधाकट. आबांनी ते घेतलं.

११८ एनई ही प्रीमियरनंच १९८५ च्या सुमारास काढलेली गाडी. अंग फियाट १२४ चं आणि इंजिन निस्सानचं, ११७१ सीसी, ५२ अश्वशक्ती. म्हणजे एका घरच्या गाडीत दुसऱ्या घरचं इंजिन बसवायचं काम कारखान्यानं स्वतःच करून दाखवलं होतं. आबांनी जे केलं त्यात गैर काही नव्हतं. कागदही त्यांनी नीट केले, त्या काळी परवानगी घेऊन असा बदल नोंदणीच्या पुस्तकात चढवता येई.

पण एक गोष्ट त्यांनी हट्टानं केली, आणि माझं आजचं म्हणणं सगळं तिच्यावर उभं आहे. मिस्त्रींनी माउंटिंगसाठी गॅस कटर पेटवला तेव्हा आबा म्हणाले, काही कापायचं नाही, जे करायचं ते नटबोल्टवर. मी तिथं उभा होतो. मग लेथवाल्याकडून जाड पट्टीचे दोन ब्रॅकेट करून आणले, फियाटच्या मूळ भोकांवर बसतील असे. प्रोपेलर शाफ्ट भंगारातून दुसरा आणून तो कापला, मूळचा तसाच ठेवला. गिअरचा दांडा वर यायला मधल्या बोगद्याच्या पत्र्यात भोक पाडण्यावाचून गत्यंतर नव्हतं, तेवढा एकच तुकडा कापला गेला. तो कापलेला तुकडा, जुना दांडा, त्याच्या सळ्या, सगळं ग्रीस लावून पत्र्याच्या डब्यात. मूळ इंजिनाच्या प्लगच्या भोकांतून ऑइल ओतलं, हातानं फिरवलं, तोंडं बंद केली आणि लाकडी ओंडक्यांवर पडवीत ठेवलं. पुन्हा बसवायचं त्यांच्या मनात होतं का, ते कधी बोलले नाहीत. पण बसवता येईल, याची तजवीज केली.

गेल्या दिवाळीनंतर मी ते इंजिन खोललं. क्रँक आवडीनं बघावी अशी निघाली, एक ग्राइंडिंग अजून शिल्लक आहे. बोअर अर्थातच गेलेले, पण त्यात लायनर घालून पुन्हा ६८ चं स्टँडर्ड माप करता येतं. खरा शोध लागला तो ब्लॉकच्या बाजूचे प्लग काढल्यावर. आत पाण्याची वाट राहिलीच नव्हती. बोअरवेलच्या पाण्याचे क्षार साचून पांढरट दगड झाला होता. मागच्या दोन सिलिंडरांभोवती तर स्क्रूड्रायव्हर ठोकून खरवडावं लागलं, आणि घमेल्यात जे पडलं ते बघून मी मिस्त्रींच्या मुलाला बोलावून दाखवलं. आता गॅरेज तोच चालवतो. त्यानं एवढंच म्हटलं, काका, या इंजिनाला पाणी मिळतच नव्हतं. त्या काळी सगळेच रेडिएटरमध्ये नळाचं नाहीतर विहिरीचं पाणी ओतत. इंजिन तापत होतं ते त्यामुळे, इंजिनाच्या घडणीमुळे नव्हे.

आता तू राहतोस त्या कॉव्हेंट्रीकडे येतो, कारण ही गोष्ट तुझ्या दारातच घडून गेली आहे. ट्रायम्फनं १९७० साली तिथं स्टॅग नावाची उघड्या टपाची देखणी गाडी काढली, स्वतःच्या तीन लिटर व्ही-८ इंजिनाची. ते इंजिन तापायचं, हेड वाकायची, टायमिंग चेन लवकर जायची. गाडीचं नाव इतकं खराब झालं की १९७७ साली ती बंद झाली, तोवर २६ हजारांहून कमीच गाड्या बनल्या होत्या. कंटाळलेल्या मालकांनी मूळ इंजिन काढून रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ किंवा फोर्डचं व्ही-६ बसवलं. त्यांचं काय चुकलं? त्यांना गाडी चालवायची होती. पण काही चिवट मालक मूळ इंजिनाला धरून बसले आणि त्यांनी कारणं शोधली. पाण्याचा पंप फार उंचावर, त्यामुळे पाणी थोडं कमी झालं तरी तो कोरडा पडे. ओतकामाची वाळू पाण्याच्या वाटांत अडकून राहिलेली. वाटा साफ केल्या, रेडिएटर सुधारला, चेन वेळेवर बदलली की ते इंजिन नीट चालतं. आज मूळ इंजिनाची स्टॅग सहसा जास्त मोलानं जाते, आणि ज्यांनी इंजिन काढून भंगारात दिलं ते आता शोधत फिरतात.

दुसऱ्या घरचं इंजिन म्हणजे पापच, असं मी म्हणत नाही. तुझ्या कॉव्हेंट्रीच्याच रूट्स कंपनीनं सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचं व्ही-८ घालून १९६४ साली सनबीम टायगर केली, ती आज लोक जिवापाड सांभाळतात. उलट उदाहरण आपल्याकडचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सनं १९८५ साली स्टँडर्ड २००० आणली. अंग रोव्हर एसडी-१ चं, त्या काळातलं अत्यंत देखणं. पण आत इंजिन बसवलं ते चाळीसच्या दशकात जन्मलेल्या व्हॅनगार्ड गाडीच्या घराण्यातलं, ज्याचे भाऊबंद फर्ग्युसन ट्रॅक्टरात होते. एवढी मोठी गाडी त्याला पेलली नाही, पेट्रोल मात्र ती भरपूर प्यायली. तीन-चार वर्षांत गाडी बंद. मला त्या गाडीचं अजून वाईट वाटतं. आबा एकदा पुण्यात तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले होते.

तेव्हा प्रश्न इंजिन कुणाचं हा नाही. गाडीकडून काम काय घ्यायचं, आणि त्या कामाला बाकीचं अंग पुरतं का, हा आहे. जिप्सीचं इंजिन उत्तम आहे, वादच नाही. १२९८ सीसी, ८० अश्वशक्ती, भाग कुठंही मिळतात. पण आपल्या गाडीत ते बसवायचं तर ताकद मूळच्या दुप्पट होते आणि ब्रेक तेच चार ड्रम राहतात. घाट उतरताना मुलं मागे बसलेली असताना मला ते नको. मग तू म्हणशील, पुढे डिस्क बसवू. मग चाकांचे हब बदला. मागचा ॲक्सल ती ताकद सोसेल याची खात्री नाही, तोही बदला. इंजेक्शनचं इंजिन असल्यामुळे टाकीत इलेक्ट्रिक पंप, परतीची नळी, सगळं नवं वायरिंग. आणि यातलं निम्मं काम गॅस कटरनं होणार. आबांनी जे टाळलं ते सगळं आपण करायचं, आणि शेवटी उरेल ती फियाटच्या कातड्यातली जिप्सी. जिप्सीच हवी असेल तर जुनी चांगली जिप्सी मिळते, मी शोधून देतो. ती घाटात आपल्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली चालेल.

कायदाही आता आबांच्या वेळचा राहिलेला नाही. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. शिवाय २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. आपली गाडी वयानं बसते. मात्र ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून मी सध्या ती घेणार नाही. आपल्याला गाडी चालवायची आहे. पण पुढे तुझ्या मुलांना घ्यावीशी वाटली तर दार उघडं राहावं. तुमच्याकडे ब्रिटनमध्ये बदललेल्या गाडीची ओळख ठरवायला वर्षानुवर्षं गुणांचा हिशेब लावत, मूळ चासीला पाच आणि इंजिनाला फक्त एक, हे तूच सांगितलं होतंस. तो हिशेबही मला अगदीच चुकीचा वाटत नाही. आबांनी चासीला हात लावू दिला नाही, म्हणून तर आज इंजिन परत बसू शकतं.

माझं ठरलं आहे ते असं. मूळ इंजिनात लायनर, स्टँडर्ड पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंगं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्यात नाना पेठेत अजून माल मिळतो, एवढ्या टॅक्सी त्याच इंजिनावर चालल्याचा तो फायदा. रेडिएटर नव्या कोअरचा. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, तो नटबोल्टवर बसतो. घाटात पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडायची, आबा त्यावर ओलं फडकं गुंडाळत, तिथं मी मागच्या बाजूला एक छोटा इलेक्ट्रिक पंप आणि पुढे उष्णता अडवायला पत्रा देणार आहे. तोही कधीही काढता येईल असा. ब्रेकचे व्हील सिलिंडर आणि लायनर चारही चाकांचे नवे, यावर मात्र काटकसर नको. भोकाचा तो तुकडा पत्रेवाला परत जोडून देईल. निस्सानचं इंजिन तासगावच्या एका ११८ एनईवाल्याला हवं आहे, त्याचं मूळ इंजिन गेलंय. त्याच्याकडे ते आपल्या घरी पोचेल.

तू पाठवणार होतास त्यातला चौथा हिस्सा पुरेल, आणि तो मी आनंदानं घेईन. एसी होणार नाही, वहिनीला आधीच सांगून ठेव. म्हणून मे महिन्यात येऊ नकोस, डिसेंबरात ये. आणखी एक काम कर. तिथं स्टॅगवाल्यांचा मेळावा भरला तर जाऊन ये. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड या जोडीला ते कोणतं कूलंट वापरतात, किती वर्षांनी बदलतात आणि पाण्याच्या वाटा कशानं धुतात, एवढं नीट विचारून लिहून कळव. ब्लॉक लेथवाल्याकडून पुढच्या महिन्यात परत येईल, त्याआधी मला ते हवं आहे.

मुलांना पापे.

तुझा,
काका