वीस गुंठ्यांची पट्टी

वाचकहो, आभाळातून काढलेल्या चित्रात आपले शेत शोधावे, ही हौस कुणाला नसते? मीही ती केली. त्यातून जे शिकलो ते तुमच्या कानावर घालतो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आम्हा शिरोळ तालुक्यातल्या लोकांनी सोसला. भाऊबंदांच्या दोन उसांच्या मध्ये माझी वीस गुंठ्यांची पट्टी आहे. रुंदी जेमतेम तेहतीस फूट. तिथले सोयाबीन पार बुडाले. दोन्हीकडच्या उसाचे शेंडे मात्र पाण्यावर होते.

दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला. तो उपग्रहाच्या रडार-चित्रांचा अभ्यास करतो. पुराच्या दिवसांत साध्या कॅमेऱ्याला नुसते ढग दिसतात. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह सुमारे ७०० किलोमीटरवरून रेडिओलहरी सोडतो. त्या ढगांतून आरपार जातात. शांत पाण्यावरून त्या पलीकडे निसटतात, म्हणून पाणी काळे दिसते. पिकावरून माघारी येतात, म्हणून पीक उजळ दिसते. चित्रातला एक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठाच!

पण चित्र कसे? काळे तीळ आणि तांदूळ एकत्र उधळावेत तसे. पुतण्या म्हणाला, "काका, विहिरीत मूठभर खडे टाका. तरंग कुठे एकमेकांवर चढतात, कुठे एकमेकांना मारतात. गुंठ्यातली ढेकळे, पाने, ताटे यांच्यावरून येणाऱ्या लहरींचे तसेच होते."

मग हे तीळ-तांदूळ निवडायचे कसे? शेजारच्या नऊ ठिपक्यांची सरासरी घ्यावी, तर एखादा भडक ठिपका सगळे बिघडवतो. २, २, ३, ३, ३, ४, ४, ५ आणि ४६ यांची सरासरी येते ८. नवातले आठ तर पाचाच्या आत! म्हणून दुसरी रीत. शाळेत मुले उंचीप्रमाणे उभी करतात तसे आकडे लावायचे आणि मधला, पाचवा, उचलायचा. तो ३. बेरीज-सरासरीच्या चाकोरीबाहेरच्या अशा रीतींना 'अरेषीय' म्हणतात. मोठ्या शेताची कड यात शाबूत राहते.

मी माझी पट्टी शोधू लागलो. मूळ चित्रात काळी रेघ होती. निवडलेल्या चित्रात ती गायब! नऊ ठिपक्यांत माझे काळे तीन, उसाचे उजळ सहा. मधला उजळच निघणार.

आमची मंडळी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "पाखडताना जोर जास्त झाला की कोंड्याबरोबर दाणाही जातो." पुतण्या गप्पच झाला. मग म्हणाला, "काकी, बांधाची दिशा ओळखून त्याच बाजूचे ठिपके घेणाऱ्या रीतीही आहेत. पण इतक्या चिंचोळ्या रानाची खात्री त्याही देत नाहीत."

त्या पुरात तलाठी भाऊसाहेब चिखल तुडवत बांधावर आले, म्हणून माझी पट्टी कागदावर लागली.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह सुटला. अशी चित्रे आता वाढतील आणि कुठे किती पाणी आहे ते ढगांतूनही कळेल. ही मोठीच सोय आहे. पण तुमचे रान माझ्यासारखे चिंचोळे असेल, तर चित्रावर विसंबून घरी बसू नका. पंचनाम्याच्या दिवशी स्वतः बांधावर उभे राहा.