बाळसे

बाळसे हा शब्द ज्याने प्रथम उच्चारला, त्याने एखाद्या सहा महिन्यांच्या पोराच्या मांडीचा गालगुच्चा नक्कीच घेतलेला असणार. मनगटावरची वळी, हनुवटीखालची दुसरी हनुवटी, सारे त्या तीन अक्षरांत आहे. वजन हा त्यापुढे अगदीच कोरडा शब्द. आमच्या घरात मात्र गेले वर्षभर या दोन शब्दांचे युद्ध चालले होते. बाळशाच्या बाजूने माझी आई, वजनाच्या बाजूने धाकटी भावजय.

पुतण्या जन्मला तेव्हा पावणेतीन किलोचा होता. पहिल्या आठवड्यात तो त्याहूनही उतरला आणि आईने हाय खाल्ली. नवजात मूल वजनाचा दहावा हिस्सासुद्धा गमावते व दोन आठवड्यांत भरून काढते, असे डॉक्टर सांगेपर्यंत इकडे मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या होत्या. पाचव्या महिन्यात वजन दुप्पट झाले, म्हणजे अगदी रीतसर. तरी शेजारच्या बिऱ्हाडातले बाळ अधिक गुटगुटीत, हे शल्य राहिलेच.

भावजयीने वाढीचा तक्ता कपाटाच्या दाराला चिकटवला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत या सहा देशांतली, अंगावर पिणारी, बऱ्या परिस्थितीतली मुले मोजली. सगळीकडे त्यांची उंची जवळजवळ सारखीच वाढली! त्यावरून २००६ साली या रेषा निघाल्या. बाळाचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर आहे की खालच्या, याला तितकेसे महत्त्व नाही. जिना चढणे थांबले नाही ना, एवढे पाहायचे.

आईचा भरवसा सहाणेवर. वेखंडाचा एक वेढा, हळकुंडाचे दोन, मुरुडशेंग, जायफळ... ही नामावळी ऐकताना माझ्यातला मराठीचा मास्तर सुखावत असे. पण सहा महिने दुधाखेरीज थेंब नाही, असे भावजयीने बजावले होते. त्यानंतर सहाण निघाली ती मधावाचून. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून क्वचित, पण जीवघेणा लुळेपणा येऊ शकतो.

खरी गाठ पडली नवव्या महिन्यात. जुलाब सुरू झाले. 'दाताचे जुलाब' हा प्रयोग आपल्या भाषेत इतका मुरला आहे, की दाताचा आणि जुलाबांचा संबंध काय, हे कोणी विचारतच नाही. त्याच वयात मूल रांगते, सापडेल ते तोंडात घालते, आईकडून आलेली प्रतिकारशक्तीही ओसरत असते. दात बिचारे त्या वेळी तिथे हजर असतात इतकेच. आई म्हणाली, "दात फुटला की थांबेल. तोवर पोटाला विसावा दे."

दुपारी पोर रडेनासे झाले. रडलेच तर डोळ्यांत पाणी नव्हते. सकाळपासून दुपटे कोरडे होते. भावजयीने आईचे बोट धरून बाळाच्या टाळूवर नेले. टाळू खोल गेली होती. "आई, हे बघा," एवढेच ती म्हणाली.

आईनेच पायांत चपला सरकवल्या. रिक्षात भावजय चमच्याचमच्याने मीठसाखरेचे औषधी पाणी पाजत होती आणि आई वाटी धरून बसली होती. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना असेच पाणी पाजायला लावले होते. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. हे सारे मला ठाऊक होते. पण त्या रिक्षात ते आठवून काडीचा धीर येत नव्हता.

दोन रात्री दवाखान्यात गेल्या. घरी आल्यावर चौदा दिवस जस्ताचे औषध द्यायचे होते. ते खाते आईने आपल्याकडे घेतले. रोज दिनदर्शिकेवर काट मारी. तक्त्यावरच्या रेषेला मात्र चांगलाच खड्डा पडला होता. पुढच्या महिन्यात भावजय वजन करून परतली, तेव्हा तिने पिशवी खाली ठेवण्याआधीच स्वयंपाकघरातून आवाज आला, "खड्डा भरला का गं?"

"निम्मा भरला, आई."

"मग उद्यापासून वरणभातावर तूप वाढव जरा," आई म्हणाली, आणि त्याला भावजयीची काहीच हरकत नव्हती.