आंब्याचा गोवर

आमच्या कल्याण तालुक्यात घराच्या पाठी एकतरी रायवळ आंबा असायचाच. त्याच्या पानांवर बारीक बारीक पुटकुळ्या उठत. आजी म्हणायची, "आंब्याला गोवर आयलाय." पण गोवर आला म्हणून कुणी झाड तोडल्याचं मला आठवत नाही.

आता आमचं गाव डोंबिवलीत मिसळलं. आम्ही विकलेल्या शेतात इमारत उभी राहिली, कोपऱ्यातला आंबा तेवढा वाचला. गेल्या वर्षी तिथल्या लोकांनी मला बोलावलं. म्हणाले, "काका, झाड रोगट झालंय. आमच्या कुंड्यांना लागेल. तोडायचा अर्ज करतोय." 1975 च्या कायद्याने शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून त्यांना जुन्या मालकाचा शब्द हवा होता.

मी एक पुटकुळी नखाने फोडून दाखवली. आत इवलीशी अळी. ही मिजमाशीची. माशी डासाहूनही बारीक. पालवी कोवळी, तांबूस असते तेव्हा ती पानात अंडी घालते. अळी खाऊ लागली की पानच तिच्याभोवती फुगतं. म्हणजे घर बांधायचं पानाने आणि राहायचं अळीने! कोषही आतच होतो, मग माशी भोक पाडून उडून जाते. ही आंब्याची माशी, गुलाबाच्या कुंडीकडे ती फिरकत नाही.

खरी नडते ती तिची बहीण, मोहोरावरची. तिची अळी मोहोराच्या दांड्यात शिरते. तिथे काळा डाग पडतो, दांडा वाकडा होतो. वाटाण्याएवढी कैरीसुद्धा पिवळी पडून गळते. पोट भरलं की अळी खाली पडून मातीत कोष करते. म्हणून बागायतवाले झाडाखालची जमीन उकरतात, मोहोरात प्लास्टिक अंथरतात. नुसतं वर औषध मारून भागत नाही, खालीही बघावं लागतं.

इथे खाली बघितलं तर बुंध्यापर्यंत फरशी! शेंड्याकडच्या फांद्या वाळत होत्या. मी म्हटलं, "गोवराने झाड मरत नाही, पाणी तोडलं की मरतं. बुंध्याभोवती चार फूट फरशी काढा, पावसाचं पाणी मुरू द्या."

त्यांनी ऐकून घेतलं. अर्ज अजून दिलेला नाही. फरशीही अजून तशीच आहे.