बर्फाची गाडी झोपवताना

बर्फावर सुसाट सुटायचं म्हणून अमेरिकेच्या पार उत्तर टोकाला गेलो आणि हातात आलं ओलं फडकं! तरीही ही ट्रिप वसूल झाली. कशी, ते ऐकाच.

'एप्रिल २०२५ मध्ये ये, तेव्हाही बर्फ असतो,' असं मित्र म्हणाला होता. बर्फ होता बॉस, पण पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात, काळपट ढिगाऱ्यात. मिशिगनमध्ये स्नोमोबाइलच्या सरकारी ट्रेल्स १ डिसेंबर ते ३१ मार्च एवढ्याच उघड्या असतात. म्हणजे मी पोचेपर्यंत सीझनचं पॅकअप झालेलं.

'मग आता काय करायचं?'

'आता गाडी झोपवायची,' मित्र म्हणाला.

दहा मीटर बर्फ

गावाचं नाव होटन. लेक सुपीरियरमध्ये बोटासारखं घुसलेलं किविनॉ नावाचं द्वीपकल्प आहे, त्यावर हे गाव वसलंय. इथं मिशिगन टेक युनिव्हर्सिटी आहे, त्यामुळे वाणसामानाच्या दुकानात अचानक मराठी कानावर पडू शकतं. कॅनडाकडून येणारं गार वारं तलावाच्या तुलनेनं कोमट पाण्यावरून वाहतं, वाटेत बाष्प उचलतं आणि ते सगळं या डोंगराळ पट्ट्यावर बर्फ म्हणून ओततं. १९७८-७९ च्या हिवाळ्यात इथं ३९०.४ इंच बर्फ पडला. म्हणजे जवळजवळ दहा मीटर! हायवेच्या कडेला तो मोजून दाखवणारी भली उंच पट्टी उभी आहे. तिच्याखाली फोटो काढला की आपण मुंगी दिसतो.

होटन आणि समोरचं हॅनकॉक यांना जोडणारा उचलपूल दोन मजली आहे. हिवाळ्यात वरून कार जातात आणि खालच्या मजल्यावरून चक्क स्नोमोबाइल. गाव किती स्नोमोबाइलवेडं आहे ते यावरून समजा.

विकू की ठेवू?

मित्राने २०२३ मध्ये हौसेनं एक जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल घेतली. आणि नेमका तोच हिवाळा कोरडा गेला! फेब्रुवारी २०२४ मध्ये तर या भागातली 'यूपी २००' ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यतही बर्फाअभावी रद्द झाली. वैतागून त्यानं गाडी आहे तशी गॅरेजमध्ये ढकलली. पुढच्या डिसेंबरात दारात गुडघाभर बर्फ, आणि गाडी ढिम्म. टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं, कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत डिंकासारखा चिकटा, आणि सीटमध्ये उंदरांचा संसार! दुरुस्ती होईपर्यंत अर्धा सीझन संपला.

म्हणून यंदा गॅरेजच्या भिंतीला 'विकणे आहे'चा बोर्ड टेकवलेला होता. फक्त बाहेर लावायचा बाकी.

शेजारच्या आजोबांनी तो पाहिला. म्हणाले, 'विकायची तर वीक पोरा. पण आधी तिला नीट झोपव. आजारी गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही.'

आजोबांची शाळा

आधी आंघोळ. साबणाच्या पाण्यानं गाडीचं पोट, पट्टा, स्की, सगळं धुतलं. रस्त्यावरचं मीठ राहिलं तर उन्हाळाभर लोखंड खातं.

मग गाडी उघड्यावर काढली. धूर होणार होता आणि बंद गॅरेजमध्ये तो जिवावर बेततो. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर टाकून टाकी भरली आणि दहा मिनिटं इंजिन चालवलं, म्हणजे औषध कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. टाकी रिकामी ठेवली तर आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचतं. त्यात इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं.

खरी धमाल त्यानंतर! टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर येतं तेवढंच तेल. आठ महिने बंद राहिलं की आतले भाग कोरडे पडून गंजतात. म्हणून चालू इंजिनाच्या हवेच्या तोंडातून फॉगिंग ऑइलचा फवारा मारायचा. असला धूर झाला की मला पुण्यातली बाबांची स्कूटर आठवली. इंजिन खोकत खोकत बंद पडलं. 'झोपली,' आजोबा म्हणाले. शेवटी कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल काढून टाकलं.

मग ड्राइव्ह बेल्ट काढला. आपल्या गिअरलेस स्कूटरमध्ये असतो तोच फंडा, फक्त पैलवान साइजमध्ये. बॅटरी काढून आत नेली. ग्रीस भरलं. मागची बाजू स्टँडवर उचलून पट्ट्याचा ताण सैल केला. वर श्वास घेणारं कापडी कव्हर घातलं. प्लास्टिक नको, आत घाम धरतो.

राहिले उंदीर. सायलेन्सर आणि हवेच्या तोंडात स्टील वूलचे बोळे कोंबले. ही आपल्या तारेच्या घासणीची मऊ बहीण. 'पण डिसेंबरात काढायला विसरलात तर इंजिन गुदमरेल,' आजोबांनी बजावलं. 'चिठ्ठी बांधा.'

मित्राने हँडलला पुठ्ठा बांधला. त्यावर मराठीत लिहिलं, 'आधी बोळे काढ!' आजोबांनी विचारलं, 'पण हे घेणाऱ्याला वाचता येणार का?'

मित्र क्षणभर गप्प झाला, मग हसला. ज्याला ती चिठ्ठी वाचता येईल असा एकच माणूस त्या गॅरेजमध्ये डिसेंबरात येणार होता. बोर्ड त्यानं उलटा केला आणि ग्रीसचा डबा ठेवायला खाली अंथरला.

पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडेल का? लेक सुपीरियर कुणाला तसा शब्द देत नाही. पण पडला, तर गाडी तयार असेल. आपल्या हातात तेवढंच असतं, नाही का?

जाणार असाल तर

- शिकागोहून कारने सुमारे सात तास.
- स्नोमोबाइल चालवायची तर जानेवारी-फेब्रुवारी गाठा. माझ्यासारखं एप्रिलमध्ये जाऊ नका!
- फेब्रुवारीत मिशिगन टेकचा विंटर कार्निव्हल असतो. १९२२ पासूनची परंपरा, आणि बर्फाचे अवाढव्य पुतळे.
- पॅस्टी खाच. तांब्याच्या खाणीत काम करायला आलेल्या कॉर्निश कामगारांनी ती इथं आणली. दिसते करंजीच्या थोरल्या बहिणीसारखी, पण आत मांस आणि बटाटा.