खोडाळ्याच्या वाटेवरील गवत

कसाऱ्याहून विहीगांवच्या वाटेनें आम्ही खोडाळ्यास गेलों तेव्हां आश्विन सरत आला होता. मोखाडा तालुक्यांतील हें गांव. जवळच देवबांधचा गणपति आणि सूर्यमाळ. प्रवासी बहुधा या दोहोंसाठींच येतात. आमचें लक्ष मात्र दुतर्फा माजलेल्या गवताकडे व त्यांत विळे घेऊन वांकलेल्या बायकांकडे गेलें.

गवताचें काय एवढें, असें वाचक म्हणतील. संस्कृतानेंही ‘तृणवत्’ हा शब्द तुच्छतेसाठींच राखून ठेविला आहे. परंतु जुन्या ठाणें जिल्ह्यांत (पालघर वेगळा झाला तो २०१४ सालीं) याच तृणानें मोठी उलथापालथ केली. येथल्या डोंगरांतलें गवत मुंबईच्या तबेल्यांस जाई, आणि तेथल्या म्हशींचें दूध आपल्या पांढरपेशा घरांतील चहांत पडे. तें गवत कोण कापतो आणि त्यास काय मिळतें, हें विचारण्याची रीत नव्हती.

कापणारे वारली. त्यांची जमीन सावकारांकडे गेलेली. लग्नासाठीं कर्ज काढलें कीं नवराबायको दोघांनीं त्याच्या दारीं राबावयाचें. यास ‘लग्नगडी’ म्हणत. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, तींत उंबरगांव तालुक्यांतून माह्या धांगडा कांहीं सोबत्यांसह आला. आपल्या लोकांचें दुःख घेऊन परक्यांच्या सभेंत उभें राहणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. पुढें गोदावरी परुळेकर वारल्यांच्या पाड्यांवर गेल्या. या माहेरच्या गोखले, पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सभासद. म्हणजे आपल्याच घरची लेक. त्यांचें राजकीय मत आम्हांस सर्वस्वीं पटतें असें नाहीं. पण वारल्यांच्या झोपडींत राहून, त्यांची भाकर खाऊन त्यांस ओळखणें आपल्यांपैकीं कितीजणांस साधलें?

२३ मे १९४५ रोजीं झरी येथें परिषद होऊन वेठ व लग्नगडीची चाल मोडण्याचा निश्चय झाला. पावसाळा सरला, गवत तयार झालें, तेव्हां वारल्यांनीं ५०० पौंडांच्या कापणीस अडीच रुपये मागितले आणि विळे खालीं ठेवले. ५०० पौंड म्हणजे सुमारें २२७ किलो! १० ऑक्टोबर रोजीं, बाईंच्या जिवास धोका आहे अशी खोटी आवई उठवून त्यांस तलवाड्यास गोळा करण्यांत आलें. पोलिसांनीं गोळीबार केला. पांच जण पडले, त्यांत जेठ्या गांगड होता. संप मात्र मोडला नाहीं. मालकांस दर द्यावा लागला.

ही हकीकत बाईंनीं ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहिली. त्यास १९७२ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. शामराव परुळेकर १९६५ सालीं स्थानबद्धतेंतच निवर्तले, बाई १९९६ सालीं.

हें सारें घडलें समुद्राकडील उंबरगांव-डहाणूंत. खोडाळा पूर्वेच्या टोकास. पण येथेंही वस्ती वारली, ठाकूर, कातकरी यांचीच. कोचाळ्याजवळच्या मध्य वैतरणा धरणाचें पाणी मुंबईस जातें, आणि पीक घरांत आलें कीं त्याच दिशेनें माणसेंही जातात. कोणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कोणी इमारतींच्या कामावर. दिवाळीनंतर पाड्यांवर म्हातारीं तेवढीं उरतात. मुलें आईबापांबरोबर गेलेलीं असतात. कांहीं होळीस परततात, कांहीं पहिल्या पावसासच.