कात्रणांची टोपली

अशोक विजयादशमी जवळ आली की आम्हा शिवणकाम करणाऱ्या बायांच्या घरी पांढऱ्या कापडाचे ढीग लागतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपले आजी-आजोबा पांढरी वस्त्रे नेसून दीक्षाभूमीवर गेले. तो रिवाज नागपुरात अजून चालू आहे. शिवलेला कपडा गिऱ्हाइकाकडे जातो, कात्रणे मात्र मशीनखाली पडून राहतात. ती केरात न टाकता आम्ही त्यांच्या छोट्या टोपल्या शिवतो.

रीत सोपी आहे. कात्रणे धुऊन, इस्त्री करून एकमेकांना जोडावीत आणि ११ इंच रुंद, ९ इंच उंच असे दोन तुकडे करावेत. तेवढेच दोन तुकडे जुन्या जीन्सचे घ्यावेत, म्हणजे टोपली ताठ उभी राहते. दोन्ही जोड्या तीन बाजूंनी अर्धा इंच सोडून शिवाव्यात. खालचे कोपरे उघडून, टोकापासून २ इंचांवर आडवी शिलाई मारावी, की ६ बाय ४ इंचांचा तळ तयार होतो. जीन्सची पिशवी बाहेर, कात्रणांची आत ठेवून वरचा काठ दुमडून शिवावा. आतली बाजू पांढरीच ठेवा. पडलेली सुई चटकन दिसते, लेकराच्या पायात जात नाही. एका टोपलीत रिळे आणि बॉबिन, दुसरीत हुक-बटणे, तिसरीत पुन्हा कात्रणे!

आमच्या शिकलेल्या मुली विचारतात, "आई, चिंध्या कशाला जमवता?" प्रश्न चुकीचा नाही. गावगाड्यात आपल्या पूर्वजांच्या वाट्याला मढ्यावरचे कापड येत होते. मनुस्मृतीने चांडाळांना प्रेताची वस्त्रेच नेमून दिली होती. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जळाली. दुसऱ्याने फेकलेली चिंधी आता आपल्याला नको, हे खरेच आहे.

पण भगवंतांच्या संघाचे चीवरसुद्धा तुकड्यांचेच असते. मगधातल्या शेतांचे बांध दाखवून तथागतांनी आनंदाला तशी आखणी करायला सांगितली. पुढे कौशांबीच्या उदयन राजाने आनंदाला विचारले, एवढ्या चीवरांचे करता काय? आनंदाने हिशेब दिला. जुन्या चीवरांची पलंगपोसे होतात, त्यांची गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग फडके. शेवटी ते कुटून चिखलात मिसळून जमीन सारवतात. राजाचे समाधान झाले.

भगिनींनो, लादलेली चिंधी आणि आपल्या हाताने धुऊन, मोजून, जोडलेला तुकडा यांत हाच फरक आहे. पहिलीत लाचारी होती, दुसऱ्यात आपल्या कष्टाचा हिशेब आहे. शिवणक्लासला जाणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी नवे कापड देऊ नका. ही टोपली शिवायला द्या. तिचा हात बसेल, आणि टोपली तिच्या स्वतःच्या मशीनजवळ कामी येईल.

जय भीम!