सातपुड्याच्या चढणीवरून

रावेर, भाद्रपद

ती. आईस,


रावेरला सुखरूप पोचले. तापी ओलांडल्यापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी. समुद्रसपाटीपासून ही काळी जमीन जेमतेम अडीचशे मीटर उंच. एका बागेत शिरून पानं उलटून पाहिली. पोंग्यात मावा, कंदात सोंडकिडा, खोडाशी मुंग्या. किडे उदंड, पण जाती मोजक्या. एकाच पिकाच्या मुलखात ते पीक पचवणारेच फोफावतात. बांधावरच्या बाभळीला मात्र फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं लटकलेलं होतं. या चिमुकल्या माशीला सखल भागातली ऊब मानवते. उत्तरेला सातपुडा दिसतोय. उद्या वर निघते.

पाल

आई,

घाट चढून यावल अभयारण्यात आले. १९६९ साली घोषित झालेलं हे जंगल साग, सालई, अंजन, धावड्याचं. सागाच्या पानांची आता जाळी झाली आहे. एक बारीक अळी शिरा सोडून मधला हिरवा गर खाते. आपल्याला तो रोग वाटतो, पण त्या अळ्यांवर कितीतरी पाखरांचं पोट चालतं.

रात्री परवानगी घेऊन विश्रामगृहाच्या अंगणात पांढरी चादर टांगली, दिवा लावला आणि बसून राहिले. तासाभरात चादर भरली. खाली रावेरला एका जातीचे शंभर दिसत होते, इथे एकासारखा दुसरा शोधावा लागत होता. तिळावरची ती शिंगवाली हिरवी अळी तुला ठाऊक आहे ना? तिचा पतंगही आला, पाठीवर कवटीसारखी खूण घेऊन.

जगातल्या अनेक उंच पर्वतांवर कीटकांच्या सर्वाधिक जाती पायथ्याला नाही, माथ्याला नाही, तर मधल्या उंचीवर सापडतात. खाली रखरख आणि शेती, वर गारठा. मधे मात्र सावली, ओल, नाना तऱ्हांची झाडं, आणि खालचे-वरचे दोन्हीकडचे रहिवासी एकत्र. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्यात असेच दिवे लावून पतंग नोंदवले, दोनशे मीटरपासून अडीच हजार मीटरच्याही वरपर्यंत. आपला सातपुडा त्यापुढे बुटका. म्हणून इथे थंडीपेक्षा पाण्याचा शब्द चालतो. सुकी नावाच्या नदीच्या काठी चतुर आणि टाचण्यांची गर्दी आहे. तीच उंची, पण शंभर पावलांवरच्या उघड्या टेकाडावर गेलं की नाकतोडे आणि वाळवीची वारुळं.

तोरणमाळ

आई,

चोपडा, शिरपूर, शहादा करत इथे आले. १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. उंची सुमारे ११५० मीटर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने रावेरपेक्षा इथे पाच-सहा अंश थंड. जंगलाकडेच्या एका पाड्यावरच्या पावरा समाजातल्या आजींनी जुन्या झाडाच्या ढोलीतलं सातेरी मधमाशीचं घर दाखवलं. पिढ्यान् पिढ्या ते झाड त्यांनी तोडू दिलेलं नाही. याच शहादा भागातल्या रानात १९९७ साली रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला पक्षी पुन्हा सापडला, ११३ वर्षांनी. नाकतोडे, सरडे हे त्याचं खाणं. किडे टिकले तर तो टिकणार.

इथे बसून एक हिशेब केला आणि मन धास्तावलं. हवा दोन अंशांनी तापली, तर पहिल्यासारखा गारवा मिळवायला किड्याला सुमारे तीनशे मीटर वर सरकावं लागेल. तोरणमाळच्या किड्याने जावं कुठे? जवळचा अस्तंभा डोंगर १३२५ मीटर. सबंध सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे पचमढीचं धूपगड, तेही १३५० मीटरच. हिमालयातल्या पतंगाला वर जागा आहे, आपल्याकडच्याला नाही.

त्याला आसरा उरतो तो दऱ्यांचा. इथल्या सीताखाईसारख्या खोल दरीत ऊन कमी पोचतं, पाणी उशिरापर्यंत टिकतं आणि झाडांखालची हवा उघड्या माळापेक्षा थंड राहते. पण ओहळाकाठची झाडं गेली की तो गारवाही जातो. शेतं आणि डोंगर यांच्यामधलं पायथ्याचं जंगल तुटलं, तर खालच्यांना वर यायची वाटही बंद होते. म्हणून सातपुडा राखायचा तर आधी ओहळाकाठची झाडं आणि पायथ्याचं रान राखलं पाहिजे. घरी आले की हेच आपल्या गावच्या शाळेतल्या मुलांना सांगणार आहे. तू मुख्याध्यापकांशी बोलून ठेव.

तुझी,
सुमी